झोक्यावरून न पडलेली मुलगी

हे मी उभ्यानं लिहिते आहे. ओट्यावर कागद ठेवून, मध्येच गॅसकडे वळून, मध्येच दारातून डोकावून. बसून लिहायला घेतलं की पान भरेपर्यंत गुडघा आखडतो, आणि मग उठताना तोंडून जे शब्द निघतात ते लिहिण्यासारखे नसतात. घरचे हसतात. हसू देत.

भिलाईशेजारच्या आमच्या बोरसीच्या गल्लीत एक तरुण आई आहे. तिच्या मुलाचा गुडघा कधीचा सुजलेला आहे. परवा भाजी घेताना ती मला हळूच म्हणाली, "काकू, आमच्या सासूबाई म्हणतात, कोणी इचारलं तर सांगाचं का सायकलवरून पडला." माझ्या हातातली पिशवी खाली गेली. तिथेच रस्त्यात उभी राहून मी बोलत सुटले. तिला अर्धं कळलं, अर्धं नाही, आणि भाजीवाला वैतागला. म्हणून आता नीट, पहिल्यापासून सांगते.

सकाळ

आम्ही तेव्हा भिलाईला सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते, शिफ्ट ड्यूटी. मूळ घर तुमसरजवळच्या खेड्यातलं, शेतीचं. आईचं माहेर साकोलीकडचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. माझं नाव छाया, पण बाबा भिंगरी म्हणायचे. जेवताना उठायची, अभ्यास करताना उठायची, फोटो काढताना तर हमखास हलायची. आमच्या एका फोटोत सगळे नीट बसलेत आणि माझ्या जागी नुसता पांढरा फराटा आहे.

त्या हिवाळ्यात एका सकाळी पलंगावरून उतरले आणि टाच जमिनीला टेकवेना. गुडघा वाकला तिथेच राहिला. मी भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेले. आईला वाटलं, शाळा बुडवायची आहे. दुपारी मी गल्लीत लंगडी खेळत होते, मग तर खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी लाकूड, दुपारी भिंगरी. या दुखण्याची ही खोड मला फार छळून गेली, कारण जे बघायचे ते दुपारीच बघायचे. शाळेत बाई म्हणाल्या, "प्रार्थनेला पाय दुखतो आणि डबा खायच्या सुट्टीत नाही दुखत का?" खरंच नव्हता दुखत. मी काय सांगणार?

मग गुडघा सुजला. सूज काही नाटक करत नाही. हात ठेवला की गरम लागायचा. आईनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, तेल चोळलं. मी शेक घेतानाही हलायची आणि आई ओरडायची, "थोडी तं चूप बस!" चूप बसलं की जास्त दुखायचं. हे मी सांगायची, पण असलं कोण ऐकतं?

झोका

आत्या कोहक्याला राहायची. बाबांची मोठी बहीण. बाबा तिच्या शब्दाबाहेर नव्हते. तिनं गुडघा पाहिला, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "पडली असं सांगा. बगिच्यातल्या झोक्यावरून पडली. कोणी इचारलं का हेच सांगाचं."

"पण पोरगी पडली कुठं, बाई?" आई म्हणाली.

"मंग काय सांगशील? लेकराले वात हाये म्हणून? उद्या हिचं लग्न कराचं हाये. माझ्या शीलेचं तं आत्ताच बोलणं सुरू हाये. एकीले वात निघाला का सगळ्याच पोरी तशाच, असं म्हणतेत लोकं." मग आवाज खाली करून, पण मला ऐकू येईल एवढाच खाली, ती पुढे म्हणाली, "आन् तुझ्या मायच्या बोटाच्या गाठी मी तुझ्या लग्नातच पाह्यल्या होत्या. आमच्या घरात असं काही नाही."

आई शेकायची पुरचुंडी उचलून आत निघून गेली. माझी आई सहसा ऐकून घेणारी बाई नव्हती.

आमच्याकडच्या लोकांचा हा जुना हिशेब आहे. पडणं एकट्याला चिकटतं, दुखणं सगळ्या घराला. म्हणून दुखणं निघालं की त्याला एक पडणं जोडून द्यायचं. कुणी विहिरीच्या पायरीवरून पडतं, कुणी झाडावरून. मी झोक्यावरून पडले. मला सांगायला शिकवलं, आणि मी ते इतक्या हौसेनं सांगायला लागले की झोक्याची साखळी कोणत्या बाजूची तुटली, हेही माझं ठरलेलं होतं. बगिच्यातला तो झोका बिचारा धडधाकट होता.

प्लास्टर

बाबांनी मला सायकलवर बसवून सुपेल्याला हाडाच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली? बाबांनी सांगितलं. त्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही. पडलेल्या मुलीला जे करतात ते त्यांनी केलं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं.

मला हलायचं नाही! पलंगावर पडल्या पडल्या मी दुसरा पाय हलवायची, बोटं हलवायची, डोकं हलवायची, उशीची टोकं चावायची. प्लास्टरच्या आत खाज सुटायची तेव्हा आईची लोकरीची सुई आत घालायची. प्लांटचा भोंगा झाला की शिफ्टच्या सायकली सुटायच्या, आणि त्या घंट्यांचा आवाज ऐकून मला रडू फुटायचं. सगळं जग चाललेलं आणि मी तेवढी ठेवलेली. भीती नव्हती तेव्हा, राग होता. भीती प्लास्टर कापलं त्या दिवशी आली.

आतून जो पाय निघाला तो माझा वाटेना. बारीक, पांढरट, आणि गुडघा वाकलेला. डॉक्टरांनी सरळ करून पाहिला. मी अशी किंचाळले की बाहेर बसलेले लोक आत आले. पाय सरळ झाला नाही. आणि तोवर दुसरी टाचही दुखायला लागली होती.

घरी आल्यावर आईनं बाबांना एवढंच विचारलं, "आता हा दुसरा पाय कोणत्या झोक्यावरून पडला?" बाबा ड्यूटीची वेळ नसताना घराबाहेर निघून गेले.

मोठा दवाखाना

दुसऱ्या दिवशी आईनंच मला रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. लेकरांच्या वॉर्डातल्या डॉक्टर मॅडम केरळच्या होत्या. हिंदी बोलायच्या, पण त्यांच्या चालीत. त्यांनी आधी माझा गुडघा हातात धरला आणि नुसता धरून ठेवला. मग तळवे, टाचा, बोटं, मान. आईनं झोक्याचं नावही घेतलं नाही.

"बच्चों को भी गठिया होता है," मॅडम म्हणाल्या.

आई खुर्चीवर बसली. गठिया म्हणजे वात, आणि वात म्हाताऱ्यांचा, हे तिच्या आईच्या बोटांवरून तिला ठाऊक होतं. दहा वर्षांच्या मुलीला काय करायचं त्याचं? मॅडमनी तिला समजावलं की हा एकच रोग नाही. नाव एक आहे, पण आत निरनिराळे प्रकार आहेत. कुणाचे थोडेच सांधे धरतात, कुणाचे सगळे. कुणाला ताप येतो. लहान मुलींच्या एका प्रकारात डोळ्यांना न दुखता इजा होते, म्हणून डोळे तपासत राहावं लागतं.

"म्हणजे मसाल्याचा डबा एक, वाट्या निराळ्या," आई मला मराठीत म्हणाली. कोणतीही गोष्ट स्वयंपाकघरात नेल्याशिवाय तिला पटायची नाही.

संध्याकाळी बाबा शिफ्टवरून थेट आले, कपड्यांवर कोळशाची भुकटी. मॅडमनी त्यांना विचारलं, "घर में किसी को जोड़ों की, कमर की पुरानी तकलीफ़?"

"नहीं मैडम. हमारे यहाँ किसी को नहीं," बाबा म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. आईनं मान खाली घालून आपल्या आईच्या बोटांचं सांगितलं.

म्हणून मग मी पहिल्या वाटीत पडले. थोड्या सांध्यांची, मुलींची वाटी. मॅडमनी आईबाबांना बाजूला घेऊन सांगितलं की गुडघा लवकर सैल झाला नाही तर असाच राहील, पुढे ऑपरेशन करूनही सरळ होईलच असं नाही. बाजूला म्हणजे पडद्याच्या पलीकडे. पडदा कापडाचा होता.

त्यानंतरच्या दिवसांत मला एकच विचार असायचा, सरळ होतो की नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी गुडघा ताणून बघायची. दुधाबरोबर पांढऱ्या गोळ्या मिळायच्या. त्यांनी कानात शिट्टी वाजायची आणि मी आईला विचारायची, भोंगा झाला का? गुडघ्यावर वाळूची पिशवी ठेवून निजवायचे. व्यायामाच्या खोलीत गरम मेण लावायचे, ते थंड झालं की सालीसारखं निघायचं. तेवढंच मला आवडायचं. वॉर्डातली आया माझं रडणं ऐकून यायची, "झन रो नोनी", रडू नको पोरी, म्हणत माझ्या पलंगाची चाकं थोडी पुढे-मागे हलवायची. मी हलत नव्हते तर निदान पलंग तरी हलायचा. तिला हे कसं सुचलं देव जाणे, पण मला त्यानंच झोप लागायची.

आई आणि बाबा माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. आत्या यायची, संत्री ठेवायची आणि जाताना उसासा टाकून म्हणायची, "आजोळचं आलं पोरीले, कोण काय करन!" एकदा आई व्हरांड्यात जाऊन रडून आली. मला आत्याच्या अंगावर संत्रं फेकावंसं वाटलं. मी नुसतं सोलून ठेवलं आणि खाल्लं नाही.

गुडघा होता तिथेच होता.

अंगण

मॅडमनी मला थोडे दिवस घरी पाठवलं. त्याच दिवसांत मोठेबाबा तुमसरहून पॅसेंजरनं मला पाहायला आले. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पाठ वाकलेली, मान वळत नसे, कुणाकडे बघायचं तर सगळं अंग वळवायचे. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी बैलगाडीवरून पडले, हे आम्ही सगळ्यांनी जन्मापासून ऐकलेलं. त्यांची एक सवय होती. चारचौघांत ते कधी उठत नसत. पाहुणे यायच्या आधी खुर्चीत बसायचे आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथेच. आम्हाला वाटायचं, माणसांची आवड आहे.

त्या सकाळी मी नेहमीसारखी उठले. म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग हातांवर जोर देऊन बसायचं, पलंगाची कड धरून उभं राहायचं आणि भिंतीला हात लावत अंगणात जायचं. तिथे तुळशीभोवती फेऱ्या मारायच्या, अंग सुटेपर्यंत. अंगणात गेले तर मोठेबाबा समोरच्या भिंतीला हात लावून माझ्यासारखेच येत होते.

ते थांबले. मी पण थांबले.

"तुले किती वेळ लागते व, मोकळं व्हाले?" त्यांनी विचारलं.

"रेडिओवरच्या बातम्या संपतपर्यंत."

"मले बी तेवढाच." मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बसलं का आखडते आन् चाललं का सुटते?"

"हो!"

"टाच?"

"टाच बी."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. जगात पहिल्यांदा कुणीतरी माझी सकाळ ओळखली होती. त्यांना मात्र बरं वाटलेलं दिसलं नाही. ते माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग आम्ही दोघांनी मिळून तुळशीभोवती फेऱ्या घातल्या, ते पुढे, मी मागे.

आत आई पोळ्या लाटत होती आणि बाबा ड्यूटीचे बूट चढवत होते. मोठेबाबा दारातच उभे राहून म्हणाले, "मी बैलगाडीवरून पडलोच नोतो. कधीच."

बाबांच्या हातातला दुसरा बूट तसाच राहिला. "दादा, सकाळी सकाळी कावून काढून राहिले हे?"

"खरं सांगून राहिलो. माझी टाचच पहिले धरली होती. मंग गुडघा, मंग कंबर. आपल्या बाबानं सांगतलं, पडलो म्हण. तीन बहिणी घरात होत्या. तू तवा रांगत होता."

बाबांनी तो बूट खाली ठेवला. माझ्या झोक्याची गोष्ट त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगितली होती, तरी बैलगाडी त्यांना खरीच वाटत आली होती. आत्या थोरली, तिला ठाऊक असणार, हे त्यांच्या लक्षात येत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं.

आईनं लाटणं पोळपाटावर आपटलं. "मंग माझ्या मायच्या बोटाईले कावून बोलले तुम्ही सगळे? कावून?" तिचा आवाज फाटला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तव्यावरची पोळी जळली, कुणी उलटली नाही. बाबांनी त्या दिवशी ड्यूटीला दांडी मारली आणि रिक्षा आणली.

दुसरी वाटी

मॅडमनी मोठेबाबांना माझ्यापेक्षा जास्त वेळ तपासलं. वाकायला लावलं, भिंतीला पाठ लावायला सांगितली, छाती भरून श्वास घ्यायला सांगितला. मग स्वतःवरच चिडल्यासारख्या म्हणाल्या की हा प्रकार जास्त करून मुलग्यांमध्ये दिसतो, म्हणून मुलगी बघून त्यांच्या मनात आलाच नाही. मी आता दुसऱ्या वाटीत गेले. टाच, गुडघा आणि पुढे जाऊन पाठ धरणारी वाटी. आता त्या वाटीचं नाव बदललं आहे, पुन्हा बदलेलही. नावांशी माझं भांडण नाही.

बाबांनी घसा साफ करून विचारलं, "तो ये मेरी तरफ़ से आया?"

"तरफ़ कोर्ट में होती है," मॅडम म्हणाल्या. मग सावकाश समजावलं. घराण्यातून रोग येत नाही, रोग होण्याजोगं अंग येतं. तेही सगळ्यांना येत नाही. ज्यांना येतं त्यातले बरेचजण आयुष्यभर ठणठणीत राहतात. कुणाला का होतं आणि सख्ख्या भावाला का होत नाही, हे त्यांनाही पुरतं माहीत नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं. आईनं लांब श्वास सोडला. बाबा मात्र खाली बघत राहिले. दोष नाही म्हटल्यानं लगेच हलकं वाटतंच असं नाही.

मग मॅडमनी माझी गोळी बदलली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अब इसको बैठने मत देना. जितना हिले उतना अच्छा."

माझ्या आयुष्यात असा हुकूम कुणी काढला नव्हता. मी आईकडे असं बघितलं की ती रडता रडता हसली.

लगेच काही झालं नाही. गुडघा इंचाइंचानं सैल होत गेला, आणि त्या प्रत्येक इंचाला मी शिव्या घातल्या. बाबा शिफ्टवरून आले की पाय धरून ताणायचे. मी ओरडायची, त्यांचे डोळे भरायचे, पण हात सोडायचे नाहीत. मध्येच दुखणं उलटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तरीही वर्ष-दीड वर्षात मी पायी शाळेत जायला लागले. पाय पूर्ण सरळ कधीच झाला नाही. चालताना थोडी झुकते, आजही.

मोठेबाबांची पाठ मात्र सरळ झाली नाही. त्यांना व्यायाम शिकवला, श्वासाला थोडा फरक पडला, बस. वेळ गेलेली होती. मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं आणि जीव तुटतो. त्यांनी आपलं गुपित सांगितलं ते माझ्या गुडघ्यासाठी, त्यांच्या पाठीसाठी सांगायला उशीर झालेला होता.

पाहुणे

बऱ्याच वर्षांनी मला बघायला राजनांदगावहून पाहुणे आले. तोवर मी कॉलेज संपवलं होतं. आत्या पोह्यांवर खोबरं घालायला आली होती. मोठेबाबा तेव्हा आमच्याकडेच राहायचे. सवयीनं ते पाहुण्यांच्या आधीच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते.

मी ट्रे घेऊन आले. मुलाच्या आईनं माझी चाल पाहिली. ताटली हातात घेऊन तिनं गोड आवाजात विचारलं, "पायाले काही झालं होतं का?"

आत्या पुढे सरसावली. "लहानपणी झोक्या—"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा मोठाच लागला. "पडली-बिडली नाही ते. संधिवात हाये तिले, लहानपणापासून. आमच्याच घराण्यातला हाये. हे माझे थोरले भाऊ. हे बी कधी पडले नोते."

पाहुण्यांच्या हातातले चमचे थांबले. ते लग्न जुळणार नाही हे मला तिथेच कळलं, आणि खरं सांगते, मला काही वाटलं नाही. मी बाबांकडेही बघत नव्हते. मी कोपऱ्याकडे बघत होते.

मोठेबाबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. एका कुशीवर वळले, पुढे ओणवले, भिंतीला हात लावला. खूप वेळ लागला. सगळे बघत होते. आणि पाहुणे बसलेले असतानाच ते उठून उभे राहिले.